दगडांची साक्ष

१८१५ साली स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील ज्यां-प्येर पेरोदँ नावाच्या शिकाऱ्याने मिठाच्या खाणींचे संचालक ज्यां द शार्पांतिये यांना आपले एक अनुमान सांगितले. आज दरीच्या माथ्याशी असलेली हिमनदी एके काळी सारी दरी व्यापून होती आणि दरीतले प्रचंड धोंडे तिनेच वाहून आणले, असे त्याचे म्हणणे होते. विद्वान पाहुण्यास ते असंभाव्य वाटले. पुढे इग्नात्स व्हेनेत्स या अभियंत्याने तो विचार उचलला, शार्पांतिये यांनीही मत बदलले आणि १८४० साली लुई आगासीझ यांच्या ग्रंथाने हिमयुगाची कल्पना जगापुढे मांडली. कीर्ती पंडितांना मिळाली. दगडांची साक्ष मात्र डोंगरावर पोट भरणाऱ्या माणसाने आधी वाचली होती.

आज ती साक्ष मोजता येते. हिमनदी मागे हटताना हिमोढांचे बांध ठेवून जाते. बर्फातून उघड्या पडलेल्या धोंड्यावर विश्वकिरणांचा मारा होतो व त्यातील गारगोटीत बेरिलियम-१० साचत जाते. त्याच्या प्रमाणावरून बर्फ केव्हा हटला ते कळते. अंटार्क्टिकाच्या हिमस्तरांत कोंडलेली प्राचीन हवा दुसरी बाजू सांगते. सुमारे १८ हजार वर्षांपूर्वीपासून कार्बन डायऑक्साइड दर दशलक्ष भागांत १९० वरून २८० पर्यंत चढण्यास हजारो वर्षे लागली. २८० वरून ४२० च्या पुढे जाण्यास कारखानदारीची दोन-अडीच शतके पुरली.

'हवामान पूर्वीही बदलतच होते' असे म्हणून हात झटकणाऱ्यांना हे उत्तर आहे. पूर्वीही दुष्काळ पडत होते, म्हणून साठेबाज निर्दोष ठरत नाही.

या नफ्याची किंमत कोण चुकवतो? ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात खडक व बर्फाचा कडा कोसळला. २०० हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यांत जलविद्युत प्रकल्पांवरील मजूरच बहुसंख्य होते. या एका दुर्घटनेचे सारे खापर तापमानवाढीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु अस्थिर डोंगराच्या पायथ्याशी बोगदे खोदण्याचा निर्णय निसर्गाचा नव्हता. १९७४ साली ज्या रैणीच्या स्त्रियांनी जंगल वाचविले, त्याच गावातून ऋषिगंगा प्रकल्पाविरुद्धची तक्रार २०१९ सालीच उच्च न्यायालयात पोहोचली होती.

पेरोदँचे म्हणणे पटण्यास विद्वानांना काही वर्षे लागली. त्या विलंबाने कोणाचा जीव गेला नाही. हिमालयात तशी सवड नाही. म्हणून तेथील प्रत्येक प्रकल्पाआधी भूशास्त्रज्ञाचा अहवाल आणि ग्रामसभेची संमती या दोन्ही गोष्टी बंधनकारक झाल्या पाहिजेत. त्यासाठी लोकमत संघटित करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.