निवृत्तांची स्वाक्षरी

बोरिवली-मुलुंडहून लोकलने वानखेडे गाठून स्वाक्षऱ्या जमवणाऱ्या आमच्या पिढीने वही उघडली ती खेळत्या ताऱ्यांपुढेच. निवृत्त खेळाडू शेजारून गेला तरी ती मिटलेलीच राहिली. पद्माकर शिवलकरांचेच पाहा. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. तरीही कसोटीची टोपी त्यांना लाभली नाही. २०२५ साली ते गेले; आमच्या वहीतले ते पान आता कोरेच राहणार.

खेळत्याची स्वाक्षरी मागण्यात हव्यास असतो, निवृत्ताची मागण्यात कृतज्ञता. निवड समितीने नाकारलेला मान रसिकाला एका कोऱ्या पानावर देता येतो. साहित्यातले विस्मृत लेखकही अशाच वाचकाची वाट पाहत असतात, असे आम्हांस वाटते.