चौकटीच्या वहीतला समुद्र



आपल्या उमरग्यापासून समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांहून दूर. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो फक्त चित्रात पाहिला असेल. पण आपल्या रानातली तूर अन् सोयाबीन ज्या पावसाची वाट बघतात, त्याचं बरंचसं बाष्प अरबी समुद्रावरूनच येतं. मग त्याच्या पोटात काय चाललंय, ते जाणून घ्यायला नको?

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत समुद्राचं वरचं पाणी पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतं आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. ऋतू बदलला की प्रवाह उलटा! नदी कधी अशी उलटी फिरते का? १९८७च्या पावसाळ्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जहाजावरून मोजमापं घेतली, तेव्हा आणखी एक गंमत कळली. वरचं पाणी दक्षिणेला चाललेलं असताना खोलवरचं पाणी चक्क उत्तरेला जात होतं!

हे कोण करतं? वारा. पण कुठला वारा? खऱ्या समुद्रावरचा वारा पंख्यासारखा बंद करून बघता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकात समुद्र तयार करतात.

कसा? तुमची गणिताची चौकटीची वही घ्या. एक पान म्हणजे समुद्राचा वरचा थर. त्याखालची पानं म्हणजे खोल खोल थर. प्रत्येक चौकटीत पाण्याचं तापमान, खारटपणा आणि वेग लिहायचा. नियम साधा : एका चौकटीतून गेलेलं पाणी शेजारच्या चौकटीत आलंच पाहिजे. अशी लाखो गणितं संगणक पुन्हा पुन्हा सोडवतो.

या समुद्रात वारा बंद करता येतो! १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे प्रयोग केले होते. त्यातून दिसलं, की आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या प्रवाहामागे पार बंगालच्या उपसागरावरच्या वाऱ्याचाही हात आहे. तिथे उठलेली लाट किनारा धरून, भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून इकडे येते.

पण संगणकाचं उत्तर बरोबर कशावरून? ते ताडून बघावं लागतं. जगभरच्या समुद्रांत जवळजवळ चार हजार 'आर्गो' तरंगयंत्रं सोडलेली आहेत. ती दोन हजार मीटर खोल जातात, दर दहा दिवसांनी वर येतात आणि मोजमापं उपग्रहाला कळवतात. गणित जुळलं नाही, तर चूक गणिताची, समुद्राची नव्हे!

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली 'अर्क' हा महासंगणक सुरू झाला. पावसाच्या अंदाजासाठी समुद्र आणि हवा यांची गणितं एकत्र सोडवावी लागतात, कारण समुद्रातली ऊब पावसावर परिणाम करते. तरी अंदाज तो अंदाजच. म्हणून घरातली मोठी माणसं बातम्या ऐकूनही, ओल किती खोल गेली ते बघूनच पेरतात. तेही ताडून बघणंच, नाही का?

आता तुमची पाळी. परातीत पाणी घ्या, त्यावर कागदाचे बारीक कपटे टाका आणि एका बाजूने हळूच फुंकर घाला. कपटे कुठून कसे फिरतील? आधी वहीत लिहा, मगच फुंका!