विश्रांती ही मेहेरबानी नव्हे

५ डिसेंबर २०२५ रोजी एका दिवसात इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर लोक जमिनीवर झोपले. लग्ने चुकली, मुलाखती चुकल्या. आणि मग चांगली शिकलेली माणसेही म्हणू लागली, की वैमानिकांना जास्त आराम दिला म्हणून हे झाले!

हे साफ खोटे आहे. आठवड्याची सुट्टी ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची व्याख्या बारा ते सहा, रात्रपाळीत सहाऐवजी दोनच लँडिंग. हे नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. कंपन्यांच्या विरोधामुळे ते लांबले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला आला. जवळजवळ दोन वर्षे हातात होती. तेवढ्यात वैमानिक का भरले नाहीत?

"वैमानिक वर्षाला जेमतेम हजार तास उडतात," असेही ऐकवले जाते. अहो, ते विमानातले तास! मी शिक्षक आहे. वर्गातले तास मोजून कुणी माझे काम मोजले, तर वह्या कोण तपासतो? ब्रीफिंग, विलंब, दोन फेऱ्यांमधले ताटकळणे या हजारात येत नाही.

आता हृदयाचे बोलू. रात्री झोपेत रक्तदाब उतरतो, तीच हृदयाची विश्रांती. आज पहाटे तीनला ड्युटी, परवा मध्यरात्री, असे चालले की शरीराचे घड्याळ बिघडते आणि ती विश्रांती हुकते. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के आणि पक्षाघाताचा ३५ टक्के जास्त, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओने २०२१ मध्ये सांगितले. वैमानिकांचे काही वेगळे हृदय नसते.

"पण वैमानिक तर सामान्यांपेक्षा निरोगी असतात!" असणारच. ज्याचे हृदय बिघडले त्याचा परवाना जातो, तो मोजणीतूनच बाहेर पडतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर इंडिगोचा एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि वारला. त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असे कंपनीने सांगितले. एका मृत्यूवरून कारण ठरवता येत नाही, हे मान्य. पण तासांची बेरीज दाखवून प्रश्न संपवताही येत नाही. आधीच्या आठवड्यांत तो किती रात्री जागला, हेही विचारले पाहिजे.

डिसेंबरच्या गोंधळावर सरकारने उपाय काय काढला? त्याच रात्रीच्या नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट! चूक नियोजनाची, भरपाई वैमानिकांच्या झोपेतून. केबिन क्रूचे तर कुणी नावही घेतले नाही.