गोविंदा कशानं गेला?

आषाढात धापेवाड्याची यात्रा, मग गणपती, मग कार्तिकातल्या काकड आरत्या. कळमेश्वरच्या आसपास या दिवसांत कुठल्या ना कुठल्या मंडपात पडदा लागतोच. मंडळाचा पोरगा पेनड्राइव्ह खुपसतो, तुकोबांचा नाहीतर गाडगेबाबांचा सिनेमा सुरू होतो आणि पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावतात. लावू द्या, त्यात वाईट काही नाही. माझी विनंती त्यापुढची आहे. पडद्यावर जे दुःख दाखवलं ते खरंच कुणावर तरी कोसळलं होतं. ते कशामुळे कोसळलं, एवढं विचारल्याशिवाय सतरंजीवरून उठू नका.

गाडगेबाबांचंच घ्या. माणूस आपल्या विदर्भातला, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९७७ साली राजदत्त यांनी त्यांच्यावर 'देवकीनंदन गोपाला' केला. त्यात बाबा झाले होते डॉ. श्रीराम लागू. देवाला रिटायर करा म्हणून लेख लिहिणारा नास्तिक माणूस संत झाला, आणि असा झाला की जुनी माणसं अजून नाव काढतात. (बाबांना हे आवडलं असतं. देवळापेक्षा त्यांचा ओढा धर्मशाळेकडे होता.) बाबांच्या आयुष्यातला प्रत्येकाला ठाऊक असलेला प्रसंग म्हणजे कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी येते आणि बाबा कीर्तन थांबवत नाहीत. प्रसंग ऐकून आपण थक्क होतो, हात जोडतो आणि घरी जातो.

पण गोविंदा गेला कशानं? पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हणून. त्यावरची लस पाश्चरनं १८८५ मध्ये, म्हणजे गोविंदाच्या जन्माआधीच शोधली होती. भारतात कसौलीला १९०० साली त्याची संस्थाही निघाली होती. कसौली हिमालयाच्या कुशीत आणि लेकरू वऱ्हाडात. मधल्या अंतरानं किती पोरं नेली असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आज ते अंतर उरलेलं नाही, लस सरकारी दवाखान्यात मिळते. तरी कुत्रं चावलं की जखमेवर मिरची दाबणारे, चुना लावणारे, झाडून घ्यायला नेणारे लोक आपल्या ओळखीत निघतातच. मग बाबांचा सिनेमा बघून आपण शिकलो काय?

भक्तिपटाला एक खोड असते. माणसावर संकट आलं की असा सिनेमा त्या संकटाला देवाची परीक्षा म्हणतो. परीक्षा म्हटलं की परीक्षा घेणारा मोठा होतो, देणारा मोठा होतो आणि मधला दोषी हळूच सटकतो. बाबांनी स्वतः असं होऊ दिलं नाही. बाप झिंगराजी दारूनं गेला, मामाची जमीन सावकारानं गिळली. बाबांनी याला नशीब म्हटलं नाही. दारू सोडा, कर्ज काढून सण-लग्न करू नका, पोरं शिकवा, हेच ते जन्मभर ओरडून सांगत राहिले.

तुकोबांचं तसंच. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' दामले आणि फत्तेलाल यांनी असा काही केला की तो व्हेनिसपर्यंत पोचला. त्यातलं शेवटचं विमान आजही सगळ्यांना आठवतं. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ किती जणांना आठवतो? त्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. सावकारीचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले असं परंपरा सांगते. कागद बुडवणारा सावकार आपल्याला भेटेल याची खात्री नाही, पण बेकायदा सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. एखाद्या घराचं शेत असं अडकलेलं असेल तर विमानापेक्षा ही माहिती त्यांच्या जास्त कामाची.

आता थोडं अवघड बोलतो. २०१९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स यांच्यावर एक इंग्रजी सिनेमा आला. ओडिशात बारीपदा इथं कुष्ठरोग्यांची सेवा करणारा हा ऑस्ट्रेलियन मिशनरी. दत्तपूर आणि आनंदवन ज्या विदर्भात आहेत, तिथल्या माणसाला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर गावात, गाडीत झोपलेले असताना, त्यांना दोन लहान मुलांसह जिवंत जाळलं. पत्नी ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली आणि त्या तिथंच काम करत राहिल्या. सिनेमात शर्मन जोशीनं जो पत्रकार केलाय तो मात्र लेखकानं रचलेला आहे. दुसऱ्याच्या धर्माचा सिनेमा असला की आपण लगेच विचारतो, यातलं खरं किती? योग्यच प्रश्न. वाधवा आयोगाचा अहवाल आहे, २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, ताडून बघता येतं. फक्त हाच प्रश्न आपल्या संतांच्या सिनेमालाही विचारा. आणि त्या दोन लेकरांसाठी डोळ्यात पाणी यायला धर्म आडवा येत असेल, तर गाडगेबाबांचा सिनेमा बघून रडणंही वरवरचंच.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आपल्या नागपूरजवळचं बाजारगाव आठवा. १७ डिसेंबर २०२३ ला तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले. त्यात सहा बाया होत्या. उद्या यावर कुणी सिनेमा काढेल, त्यात आई देवापुढे दिवा लावेल, गाणं येईल. कॅमेरा घेऊन कुणी अशा घरी आलं तर घरच्यांनी कागद वाचल्याशिवाय सही करू नये, आणि शेजाऱ्यांनी त्यांना मुलाखतीसाठी भरीस पाडू नये. तुमच्या माणसाच्या मरणाला सिनेमात काय कारण दाखवणार, हे आधी विचारून घ्या. देवाची इच्छा असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

मंडळाच्या पोरांनो, एक काम तुमचं. बाबांचा सिनेमा लावाल तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना नाहीतर सिस्टरना बोलवा. कुत्रं चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि इंजेक्शनं अर्ध्यात सोडायची नाहीत, एवढं त्यांना सांगू द्या. दहा मिनिटं पुरतात. पण ही दहा मिनिटं मध्यंतरात ठेवा. सिनेमा संपल्यावर माणसं फक्त चपला शोधतात.