काठीवरचा साप

परवा आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी नवी मोटार घेतली. पेढा तोंडात टाकताना माझे लक्ष काचेवरच्या चिन्हाकडे गेले. पंख फुटलेली काठी आणि तिला विळखा घातलेले दोन साप. "डॉक्टर, हे चिन्ह तुमचे नव्हे!" असे मी बोलून गेलो, आणि सौभाग्यवतींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तिच्यावर कोणत्याच वैद्यकात उतारा नसावा.

पण काय करणार वाचकहो, मास्तराची खोड! ही काठी ग्रीकांच्या हर्मीसची. हा देवांचा जासूद, व्यापारी, वाटसरू आणि (लपवायचे कशाला?) चोर यांचाही कैवारी. शिवाय मेलेल्यांना पाताळापर्यंत पोचवण्याचे कामही त्याच्याचकडे! १९०२ साली अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय दलाने ही काठी आपल्या गणवेशावर घेतली आणि घोटाळा चांगलाच रूढ झाला.

वैद्यकाची काठी अस्क्लेपिअस देवाची. तिला पंख नाहीत आणि साप एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात आहे ती हीच. एपिडॉरसच्या त्याच्या देवस्थानात रोगी रात्री निजत. स्वप्नात देव येऊन उपाय सांगेल ही आशा. बिनविषारी साप तिथे मोकळे वावरत. कात टाकून नवा होणारा प्राणी आरोग्याच्या देवापाशी का, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

काही विद्वान म्हणतात, तो साप नव्हेच, तो नारू! हे वाचले आणि मी पुस्तक मिटले.

माझ्या आजीच्या घोट्याजवळ एक वण होता. लहानपणी गावच्या पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन तिला नारू झाला. गावातल्या एका जाणत्या बाईने त्याचे टोक काडीला गुंडाळले आणि रोज थोडा थोडा ओढत बाहेर काढला. मध्येच तुटला तर पाय सुजून पिकायचा. म्हणून आजी कित्येक दिवस ओटीवर पाय पसरून, हलायचे नाही म्हणून रडायचेही नाही, अशी बसून होती.

विद्वानांचा तर्क मला पटत नाही. एपिडॉरसचे साप खरेखुरे होते. तरी ती काठी पाहिली की मला आजीची काडीच दिसते.

२००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आता वर्गात 'नारू' शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहावा लागतो. शेजारच्या डॉक्टरांनीही तो पुस्तकातच पाहिला आहे. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले, आणखी एक पेढा दिला. काचेवर साप मात्र अजून दोनच आहेत.