कसणारीचं नाव कोणी सांगायचं?

आपल्याकडच्या कोणत्याही स्थानिक वर्तमानपत्रातलं निधनवार्तेचं सदर उघडून बघा. कै. अमुक अमुक या अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांच्या पश्चात मुलगे, मुली, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे. नाव बदला, मजकूर तोच. पुरुष गेला तर तो कुठे नोकरीला होता, ग्रामपंचायतीत सदस्य होता का, एवढं तरी छापतात. बाईनं मात्र साठ-सत्तर वर्षं फक्त प्रेम केलेलं असतं.

प्रेम तिनं केलंच असणार, त्याला आपली हरकत नाही. पण बाकीचं कुठं गेलं, हे विचारायला हवं. अलिबाग तालुक्यात तर नक्कीच विचारायला हवं, कारण चरीचा संप इथला. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीच्या सभेत ठरलं की खोतांची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढारी होते. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि पुढे १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. संप १९३९ पर्यंत चालला. हे सगळं पाठ असतं, भाषणांत येतं. पण इतकी वर्षं शेतं पडीक असताना चुली कशा पेटल्या? लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून लोक जगले, असं सांगतात. 'लोक' म्हणजे कोण, हे सांगत नाहीत. मोळी कोणाच्या डोक्यावर होती?

त्या भागातल्या एका आजीबद्दल सांगते. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव देत नाही. संपाच्या वेळी ती आठ-नऊ वर्षांची पोर होती. काही वर्षांपूर्वी नव्वदी ओलांडून गेली. साऱ्या आळीची लाडकी. बाराव्याला जमलेले सगळे तिच्या आठवणी काढत होते. मुलगा म्हणाला, आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, तशी चव पुन्हा नाही. नातू म्हणाला, ती कधी रागावली नाही. सून म्हणाली, शेवटपर्यंत कोणाला त्रास दिला नाही. (हे वाक्य पुरुषाच्या बाराव्याला फारसं ऐकू येत नाही.)

मग मागच्या पडवीत बसलेली तिची मैत्रीण बोलायला लागली. दोघींनी जन्मभर एका बांधावर लावणी केलेली. म्हणाली, "संपात आम्ही पोरी आयांबरोबर डोंगरात जायचो. मोळ्या घेऊन अलिबागला. पायात काय नाय. ही सगळ्यांच्या पुढं, भाव करायला हिलाच यायचा. कोणी भाव पाडून मागितला की ही मोळी उचलून चालायला लागायची. तेच गिऱ्हाईक मागनं हाका मारायचं." कधी न रागावणारी ती हीच बाई! मग भाची बोलली. मावशीनं भाताच्या कणगीत लपवलेले पैसे काढून हिची परीक्षेची फी भरली होती, काकांना पत्ता लागू न देता. सगळ्यात शेवटी धाकटी बहीण. "भावांनी कचेरीत नेऊन आम्हा दोघींचे अंगठे घेतले. येताना लुगडं घेऊन दिलं. मी नेसले. ती कधी नेसली नाय."

तो अंगठा हक्कसोडपत्रावरचा. ज्या जमिनीसाठी पोरवयात मोळ्या वाहिल्या, त्या जमिनीवर तिचं नाव कधी लागलंच नाही. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, कसेल त्याची जमीन झाली. पण कूळ म्हणून नोंद बहुतेक घरांत पुरुषाचीच होती. आवण उपटणं, लावणी, बेणणी ही कामं बाई करत होती, तरी कसणारा तो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या वाट्यात मुलीला हिस्सा दिला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये अविवाहित मुलींना आणि केंद्राच्या कायद्यानं २००५ मध्ये सगळ्याच मुलींना दिला. तरी अंगठे घेणं, सह्या घेणं थांबलेलं नाही. मांडव्याला रो-रो बोट लागू लागली, जमिनीला सोन्याचा भाव आला, तशी सह्यांची घाई वाढली. सही करणारी 'मोठ्या मनाची', वाटा मागणारी 'भावाच्या वाईटावर टपलेली'. म्हणजे प्रेमळ या शब्दाला आपल्याकडे सात-बाराचा भाव आहे! बाईच्या आठवणी काढताना हा शब्द आला की मला म्हणूनच धास्ती वाटते.

मुलगे खोटं बोलतात असं नाही. त्यांनी आई चुलीपाशी पाहिली, तीच त्यांना आठवते. मैत्रिणीनं बांधावर पाहिली, बहिणीनं कचेरीच्या पायरीवर. आपण मात्र आठवणी गोळा करायला जातो आणि ओटीवरच्या माणसांशी बोलून परत येतो.

हे काम बायकांनी केलेलं आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या वयस्क बायकांना शोधत, त्यांच्याशी बोलत फिरल्या, म्हणून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये उभं राहिलं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं तेलंगणाच्या लढ्यातल्या बायकांच्या तोंडून असंच काम केलं. चरीच्या बाबतीत आपल्याला उशीर झाला आहे. नारायण नागू पाटलांची नात मीनाक्षीताई पाटील अलिबागच्या आमदार झाल्या, राज्यमंत्री झाल्या. मार्च २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यामागे निवडणुकांची, खात्यांची नोंद तरी आहे. मोळीवाल्यांच्या मागे काय आहे? १९३३ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज शंभरीपार. आता उरल्या त्या तिच्या लेकी, भाच्या, धाकट्या जावा, आणि घरी मजुरीला येणारी कातकरीण, जिला घरच्यांना माहीत नसलेलंही पुष्कळ माहीत असतं. या साऱ्याजणी सत्तरीच्या, ऐंशीच्या आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, गटातल्या दोघी-दोघींनी गावं वाटून घेऊ. 'आजी कशी होती?' असं विचारायचं नाही; त्याला उत्तर ठरलेलं आहे. ती पहाटे कुठे जायची, पैसे कुठे ठेवायची, कोणाशी भांडली, कशावर अंगठा दिला, अंगठा देताना काय म्हणाली, हे विचारायचं. प्रत्येकीला वेगळं गाठायचं, मुलगे-सुना समोर नसताना. मे महिन्यात माहेरवाशिणी येतात, बहिणी-बहिणी एका घरात सापडतात. पाऊस लागला की त्या परत शेतात.