चारित्र्य तपासा, पण पुराव्याने



उमेदवाराचं चारित्र्य आणि देशनिष्ठा तपासणं हा मतदाराचा हक्कच, हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. चारित्र्यापुरतं मान्य. पण पत्रलेखकांनी दाखला अमेरिकेचा दिलाय, तर तिथे ही तपासणी कशी होते तेही पाहू.

2004 च्या अध्यक्षीय निवडणुकीतले डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी व्हिएतनाम युद्धातून सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार आणि तीन पर्पल हार्ट ही लष्करी पदकं घेऊन परतलेले. 'स्विफ्ट बोट' या माजी नौसैनिकांच्या गटाच्या जाहिरातींनी या शौर्यावरच चिखलफेक केली. त्यात बोलणारे बहुतेक जण केरींच्या युद्धातल्या बोटीवर कधी नव्हतेच. उलट ज्याला केरींनी नदीतून वर ओढलं, तो सैनिक जिम रासमन रिपब्लिकन असूनही त्यांच्या बाजूने उभा राहिला. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेननीही जाहिरातीचा निषेध केला. पण डाग बसायचा तो बसलाच. आणि प्रतिस्पर्धी धाकटे बुश? ते युद्धकाळात टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे मायदेशीच!

1988 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस यांचंही तेच झालं. शिक्षकांवर ध्वजप्रतिज्ञेची सक्ती करणारं विधेयक त्यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला घेऊन नाकारलं होतं. प्रतिस्पर्धी थोरल्या बुशनी त्याचं भांडवल केलं. न्यायालयाचं मत कोण वाचतो?

केरींना घेरायचंच होतं, तर 2002 मध्ये इराकवरच्या कारवाईच्या ठरावाला मत का दिलं, यावर घेरायचं. तिथे त्यांचं उत्तर खरोखरच गुळमुळीत होतं.

– एक वाचक, डोंबिवली